चार वाजताचा हिरवा ठिपका

फोटोला चौकट घालून देण्याचा धंदा करणाऱ्या मनुष्याला गिऱ्हाइकाच्या घरी काय घडले आहे, हे विचारावे लागत नाही. गिऱ्हाईक दुकानात शिरून पहिला प्रश्न कोणता विचारते, एवढ्यावरून ते समजते. ज्यांच्या फोटोतले माणूस हयात असते ते विचारतात, "रंग कुठला शोभेल?" ज्यांच्या फोटोतले माणूस गेलेले असते ते रंगाच्या वाटेला जात नाहीत. ते काउंटरवर हात टेकून हलक्या आवाजात विचारतात, "टिकेल ना?" पंचवीस वर्षांत फ्रेमवाल्याचा हा ठोकताळा एकदाही चुकला नव्हता.

म्हणूनच त्या दुपारी शिवणकाम करणाऱ्या बाई दुकानात आल्या, कापडी पिशवीतून त्यांनी आपल्या मुलीचा मोठा केलेला फोटो काढला आणि "भाऊ, हिला कुठला रंग आवडेल हो?" असे विचारले, तेव्हा फ्रेमवाल्याच्या हातातील मोजपट्टी जागच्या जागी थबकली.

कारण ती मुलगी जाऊन पाच महिने झाले होते.

फोटोतील त्या मुलीला सगळे झिपरी म्हणत. केस कधी विंचरलेले नसत म्हणून. फ्रेमवाल्याच्या स्वतःच्या मुलीची ती जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका बाकावर बसून लहानाच्या मोठ्या झालेल्या. या दुकानातील लाकडाच्या भुशात बसून दोघींनी खिदळण्यात किती दुपारी घालवल्या होत्या, याला गणती नव्हती.

"पांढरी पट्टी आहे, काळी आहे, लाकडी रंगाची आहे," फ्रेमवाला सावरून म्हणाला. "तुम्हाला जी बरी वाटेल ती घालू, ताई."

"मला नाही हो. तिला." बाई थोड्या लाजल्यासारख्या हसल्या. "थांबा, विचारतेच आज. चार वाजता येते ती."

"कोण येते?"

बाईंनी दाराकडे एकदा पाहून घेतले. मग पिशवीतून मोबाइल काढला आणि काचेची काहीतरी वस्तू द्यावी तसा दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. पडद्यावर झिपरीचे नाव होते आणि नावाशेजारी तिचा गोल फोटो.

"हा कोपरा बघा. इथं हिरवा ठिपका लागतो. रोज चारला. दोन-तीन मिनिटं असतो, मग जातो. मी लिहिलेलं वाचते ती. ही बघा, 'वाचले' अशी खूण येते. तिचा फोन तर त्या गाडीखाली चक्काचूर झाला. तुम्हीही पाहिलात. मग हे कोण वाचतं? सांगा ना, भाऊ."

दुःखी गिऱ्हाइकाच्या बोलण्याला आडवे जायचे नाही, हा फ्रेमवाल्याच्या धंद्याचा शिरस्ता होता. कोणी म्हणे, फोटोतले डोळे माझ्याकडे वळतात. तो म्हणे, वळत असतील. कोणी म्हणे, फोटो पुसताना आवाज येतो. तो म्हणे, येत असेल. असे म्हटल्याने कोणाचे काही बिघडत नाही, उलट समोरच्याचे ओझे उतरते, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याच सवयीने तो आजही म्हणाला, "असेल, ताई. विचारून बघा."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्या फोटो ठेवून घाईघाईने निघून गेल्या. परंतु त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहून फ्रेमवाल्याच्या पाठीतून जी शिरशिरी गेली, ती काही केल्या थांबेना.

इतक्यात रस्त्यावरून एक अवजड मालमोटार गेली. दुकानाच्या मागच्या भिंतीला उभ्या लाकडी घोडीत काचेचे मोठे तक्ते लावून ठेवलेले होते. अशी मोटार गेली की ते सगळे तक्ते एकमेकांना लागून बारीक गुणगुणत, थेट टेबलावर ठेवलेला मोबाइल थरथरावा तसे. काचा गुणगुणल्या, आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी धाडकन पलंगावरून उतरल्याचा आवाज झाला. दोन पावले. मग पुन्हा शांतता. आपली मुलगी काचांच्या आवाजाला फसून उठली, हे त्याला कळले. ती रोजच फसत असे.

या मुलीला घरात चिमणी म्हणत. लहानपणी तिची बडबड पहाटे सुरू होई ती झोपेतही चालू राही. "हिच्या तोंडाला झाकण करून द्या बघू एक," असे तिची आई नवऱ्याला म्हणे. आता मुलगी सतरा वर्षांची होती आणि तिच्या तोंडून दिवसाकाठी दहा शब्द निघाले तर पुष्कळ. मैत्रिणीच्या जाण्याने पोर हादरली आहे, चार-दोन महिन्यांत सावरेल, असे सगळ्यांनी धरून चालले होते. प्रत्यक्षात ती दिवसेंदिवस मोबाइलमध्ये बुडत गेली. कॉलेज सुटले. ताटातले अन्न ताटात राहू लागले. मनगटातील घड्याळ ओघळून कोपरापर्यंत जाई. मोबाइल हातात नसला तरी उजव्या हाताचा अंगठा पांघरुणावर, भिंतीवर, स्वतःच्या गुडघ्यावर वरखाली सरकत राही. मुलगी निजली तरी तो अंगठा एकटाच जागा असे.

शेजारच्या सलूनवाल्याने सल्ला दिला होता, "अहो, बादलीत बुडवा तो मोबाइल. माझ्या पोराचा मी बुडवला."

"मग सुधारला का?"

"तो नाही सुधारला. पण मला बरं वाटलं."

फ्रेमवाल्याने बादली टाळली; मात्र महिन्यापूर्वी एकदा मोबाइल काचकामाच्या खणात घालून कुलूप लावले होते. चार वाजायला पाच मिनिटे कमी असताना चिमणी खाली आली. तिने आधी विनवले, मग किंचाळली, आणि शेवटी कापायला काढलेल्या काचेवर मूठ मारली. रक्त पाहून त्याने कुलूप उघडले. तिने रक्ताळलेल्या हातानेच मोबाइल घेतला, काहीतरी केले, आणि मग भिंतीला टेकून अशी निपचित बसली की जणू कोणाचा जीव वाचवून आली आहे. तेव्हापासून "फोन ठेव" हे दोन शब्द त्याने उच्चारले नव्हते. तिची आई इस्पितळात आयाचे काम करी. पाळी संपवून दमून आली की ती एवढेच म्हणे, "तुमच्या हातात एवढ्या चौकटी आहेत, एखादीत बसवून ठेवा पोरीला. निदान दिसेल तरी."

चार वाजता. हीच वेळ शिवणवाल्या बाईंनी सांगितली होती. फ्रेमवाल्याने झिपरीचा फोटो टेबलावर समोर ठेवला आणि वाट पाहत बसला.

पावणेचारला जिन्यावर पावले वाजली. वरच्या खोलीत मोबाइलला रेंज नीट मिळत नसे, म्हणून चिमणी या वेळी खाली येत असे, असे त्याने आजवर धरले होते. ती आली आणि नेहमीच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभी राहिली. त्या कोपऱ्यात आज सलूनसाठी करून ठेवलेला पुरुषभर उंचीचा आरसा उभा होता. चिमणीने तिकडे लक्ष दिले नाही. गेल्या कित्येक दिवसांत तिने कोणत्याच आरशाकडे लक्ष दिले नव्हते.

तिने आपल्या सपातांचा फोटो काढला आणि पाठवला. नंतर बोटांनी काहीतरी उघडझाप केली. क्षणभराने मोबाइल थरथरला. उत्तर आले होते. ते पाहून तिच्या चेहऱ्यावर ना हसू आले, ना रडू.

फ्रेमवाल्याला मात्र तिच्या खांद्यामागच्या आरशात मोबाइलचा पडदा दिसत होता. चार हातांवरून, उलटा, तरीही स्वच्छ. पडद्यावर जो गोल चेहरा होता तोच चेहरा त्याच्या टेबलावरील फोटोतून त्याच्याकडे पाहत होता. आणि त्या चेहऱ्याने, म्हणजे पाच महिन्यांमागे गेलेल्या मुलीने, आत्ता या घटकेला एक फोटो पाठवला होता. पांढरे छत, आणि छतावर ओलीचा पिवळट डाग.

तो घाबरला. परंतु ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो चौकटीत बसवले त्याची नजर भीतीतही आपले काम सोडत नाही. तो डाग त्याने पाहिलेला होता. मागचे दोन पाय दुमडून बसलेल्या उंटासारखा. दोनदा रंग देऊनही तो वर आलेला होता.

"चिमणे, हा फोटो कुणी पाठवला?"

तिने दचकून मोबाइल छातीशी धरला. "कुठला?"

"आत्ता आला तो. छताचा."

"एका मैत्रिणीने."

"मैत्रिणीच्या छतावर आपल्या वरच्या खोलीतला उंट कसा गेला?"

चिमणीच्या ओठांचा रंग गेला. मग ती भिंतीवरून घसरत घसरत भुशात खाली बसली. फ्रेमवालाही कामाच्या बाकावरून उतरून तिच्यासमोर भुशात बसला.

"रागावणार नाही ना, बाबा?"

"नाही."

"शपथ?"

"बोल गं."

मग तिने सांगितले, ते असे. दोघी मैत्रिणींची एक साखळी होती. रोज एकीने दुसरीला एक फोटो पाठवायचा, दुसरीने पहिलीला. कशाचाही; कपाचा, पायाचा, आकाशाचा. चोवीस तासांत दोघींचे फोटो गेले की नावापुढचा आकडा एकाने वाढायचा. एक दिवस चुकला की आकडा पुसला जायचा आणि पुन्हा एकपासून. वेळ संपत आली की नावापुढे वाळूचे इवलेसे घड्याळ उगवायचे. सगळ्याच मुलींच्या अशा साखळ्या होत्या, आणि कोणी आजारी पडली किंवा परीक्षेत अडकली तर साखळी तुटू नये म्हणून मुली आपल्या खात्याचा पासवर्ड जिवलग मैत्रिणीला देऊन ठेवत. झिपरीने आपला चिमणीला दिला होता, चिमणीने आपला झिपरीला. याहून मोठा विश्वास त्या वयात त्यांना ठाऊक नव्हता.

"त्या दिवशी चारशे अकरा झाले होते," चिमणी म्हणाली. "चारला पाच कमी होते आणि तिचा फोटो आलाच नव्हता. घड्याळ लागलं होतं. मी लिहिलं, 'ए आळशे, मरशील का एक फोटो पाठवला तर? लवकर.'"

तिने मोबाइल त्याच्या हातात दिला. पडद्यावर झिपरीने पाठवलेला शेवटचा फोटो होता. सगळे करडे, हललेले. एका कडेला बुटाचे टोक आणि रस्त्यावरचा पांढरा पट्टा. बाकी काही नाही.

"रस्ता ओलांडत होती, बाबा. मी घाई केली म्हणून."

फ्रेमवाल्याने त्या फोटोकडे पाहिले. त्याने लग्नाचे, बाळांचे, गेलेल्यांचे हजारो फोटो हाताळले होते. परंतु माणसाच्या शेवटच्या क्षणाचा फोटो त्याने प्रथमच हातात घेतला.

"दुसऱ्या दिवशी परत घड्याळ लागलं," ती सांगत होती. "ती गेली. निदान आकडा तरी राहू दे, असं वाटलं. मी तिच्या खात्यात गेले आणि तिच्याकडून मला एक फोटो पाठवला. मग रोज. वाटलं होतं दोन-चार दिवस करीन. पण नवव्या दिवशी तिच्या खात्यात काकूंचा मेसेज आला होता आणि माझा अंगठा चुकून त्यावर पडला. उघडला तो. 'वाचले' अशी खूण गेली त्यांना. नुसतं चुकून, बाबा. त्या दिवसापासून त्या रोज लिहितात. मी वाचलं नाही तर लगेच लिहितात, 'बाळा, रुसलीस का?' आता कसं बंद करू?"

तिने ते सगळे संदेश उघडून दाखवले. अंगठ्याने कितीही वर सरकवले तरी संपेनात.

'जेवलीस का?'

'आज फार ऊन होतं. तिकडे कसं आहे?'

'जेवलीस का बाळा?'

'तुझा निळा ड्रेस उसवला आणि दोन बोटं वाढवून शिवला. तू वाढली असशील.'

'जेवलीस का?'

आणि अगदी तळाशी, आज अडीच वाजताचा: 'तुझ्या फोटोला फ्रेम करतेय. रंग कुठला घेऊ? फ्रेमवाले भाऊ म्हणाले, विचारून बघा. ते शहाणे आहेत, उगाच म्हणणार नाहीत. आज एक शब्द तरी बोल. नाही बोललीस तर मी समजेन की मीच तिकडे यावं असं तुझं म्हणणं आहे. मी येईन.'

आपलेच शब्द फ्रेमवाल्याने त्या पडद्यावर पुन्हा एकदा वाचले. ज्या बोलण्याने कोणाचे काही बिघडत नाही असे तो पंचवीस वर्षे समजत आला, ते बोलणे उराशी धरून ही बाई मरणाच्या उंबऱ्यापर्यंत गेली होती.

"बाबा, एक शब्द लिहू का?" चिमणी कुजबुजली. तिचा अंगठा अक्षरांवर तयारच होता. "'पांढरा' एवढंच. मग त्या कुठे जाणार नाहीत."

खरे सांगायचे तर त्याच्या मनात आले, लिही म्हणावे. एक शब्द तर आहे. आजचा दिवस टळेल. परंतु उद्या चार वाजता काय? परवा काय? त्याने मुलीच्या मनगटाकडे पाहिले. चौकटीत काचेआड धुळीचा कण गेला तर वरून काच कितीही पुसून तो निघत नाही. मागचे सगळे खिळे उपटून चौकट उघडावी लागते. हे त्याला ठाऊक होते, कारण आळस करून वरून पुसत बसण्याचा मोह त्यालाही पुष्कळदा झाला होता.

"नको," तो म्हणाला. "ऊठ. सपाता बदल. आपण जाऊ."

"कुठे?"

"काकूंकडे."

"तुम्ही सांगा ना, बाबा. मी खाली उभी राहते."

"मी सांगितलं तर त्या मला विचारतील, मग तुझी पोरगी का नाही आली? आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही."

तिची आई वरच्या खोलीत नुकतीच आडवी झाली होती. फ्रेमवाल्याने तिला उठवून दोन वाक्यांत हकिकत सांगितली. ती पदर खोचत म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. मी मागोमाग आले. आज त्या बाईला एकटं सोडायचं नाही."

शिवणवाल्या बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. जिना चढताना चिमणीने बापाचा शर्ट मागून धरला होता, जसा ती पाच वर्षांची असताना धरत असे. दार उघडेच होते. खिडकीपाशी शिलाई मशीन, मशीनवर रिळांचा डबा, डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. भिंतीवरच्या खुंटीला निळा ड्रेस. त्याच्या शिवणीत दोन बोटांची नवी पट्टी जोडलेली दिसत होती.

"या, भाऊ! अगं बाई, चिमणीही आली!" बाई लगबगीने उठल्या. "वाचलं हो तिने. चारला. उत्तर नाही दिलं अजून, पण वाचलं. विचार करत असेल. रंगाच्या बाबतीत ती फार चोखंदळ."

"काकू," चिमणी म्हणाली.

"बस ना. किती वाळलीस गं!"

"काकू, ती मी आहे."

बाई हसत राहिल्या. हसू चेहऱ्यावर तसेच राहिले आणि डोळे मात्र थांबले. "काय मी?"

"चार वाजता. वाचणारी. ती मी आहे. तिचा पासवर्ड माझ्याकडे आहे."

"काहीतरीच. तिचा फोन फुटला."

"त्यासाठी तिचाच फोन लागत नाही, काकू."

"खोटं बोलतेस." बाईंनी फ्रेमवाल्याकडे पाहिले. "भाऊ, हिला सांगा. तुम्हीच म्हणालात, विचारून बघा."

फ्रेमवाल्याचे डोके खाली गेले. "चुकलो, ताई. मी म्हणायला नको होतं."

"दाखव," बाई चिमणीला म्हणाल्या. आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला. "आत्ता. माझ्यासमोर."

चिमणीने मोबाइल उघडला. आणि रिळांच्या डब्याला टेकलेल्या त्या दुसऱ्या मोबाइलवर, झिपरीच्या गोल चेहऱ्याशेजारी, हिरवा ठिपका उगवला.

तिघांनीही तो पाहिला. तो कोठून आला आहे हे आता तिघांनाही ठाऊक होते. तरीसुद्धा त्या क्षणी खोलीत चौथे कोणी येऊन उभे राहिले आहे, असे फ्रेमवाल्याला वाटल्यावाचून राहिले नाही. बाई एकदा ठिपक्याकडे पाहत, एकदा चिमणीकडे.

"सगळं वाचलंस?"

"हो."

"रोज?"

"हो."

"जेवलीस का म्हणून विचारायचे मी. ते तू वाचायचीस?"

"हो, काकू."

"मग जेवायचीस?"

चिमणीने मान हलवली. नाही.

मग, कोणी विचारले नसताना, तिने तो शेवटचा करडा फोटो काढला आणि आपण काय लिहिले होते तेही वाचून दाखवले. 'मरशील का' हे शब्दही तिने गाळले नाहीत. वाचून संपल्यावर बाई मशीनपाशी बसल्या. त्यांनी चाक फिरवले. पायाने मशीन चालू झाली. सुई वरखाली होऊ लागली. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हते.

"जा," त्या पाठ न वळवता म्हणाल्या. "दोघंही जा."

जिन्यात त्यांना चिमणीची आई भेटली. ती वर गेली आणि दोन रात्री तिथेच राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी परत आल्यावर फ्रेमवाल्याने अधीर होऊन विचारले, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. मी बटणं लावली, त्यांनी काजं केली. काल संध्याकाळी मात्र रडल्या. मशीनवर डोकं ठेवून रडल्या. त्यानंतर त्यांची बहीण आली, ती राहील आता." थोडे थांबून ती म्हणाली, "चिमणीला आमच्या इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचंय. मी वेळ घेतलीय. नाही म्हणू नका."

"मी कशाला नाही म्हणतोय?"

"तुम्ही कुणालाच नाही म्हणत नाही, तेच तर दुखणं आहे."

साखळी तुटली होती. त्या संध्याकाळी घरी येताच चिमणीने मोबाइल बंद करून स्वतःच बापाच्या हाती दिला होता आणि त्याने तो खणात ठेवला होता. कुलूप लावले नव्हते. आकडा किती झाला होता हे त्याने विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. परंतु दुसऱ्या दिवशीही चार वाजता ती जिना उतरून कोपऱ्यात येऊन उभी राहिली होती. हात रिकामे, आणि अंगठा हवेत चालू. जणू त्या वेळेला तिचे शरीर कोणी दुसरेच घेऊन जात होते. रात्री ती झोपेत दोनदा ओरडली. फ्रेमवाल्याला वाटले होते, सत्य सांगितले की पोर मोकळी होईल. ती मोकळी झाली नव्हती. फक्त एकटी झाली होती.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास शिवणवाल्या बाई दुकानात आल्या. तीच कापडी पिशवी. त्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या चिमणीकडे पाहिले नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि हलक्या आवाजात विचारले, "भाऊ, फ्रेम टिकेल ना?"

फ्रेमवाल्याने मान खाली घातली. हा प्रश्न ऐकण्यासाठी आपण तीन दिवस श्वास रोखून बसलो होतो, हे त्याला तेव्हा कळले.

"टिकेल, ताई. तुमच्या-माझ्या पश्चात टिकेल."

"मग कुठल्याही रंगाची घाला." बाईंनी पिशवीतून कागद काढला. करडा, हललेला फोटो. बुटाचे टोक, पांढरा पट्टा. चिमणीच्या आईने तो आज सकाळी चिमणीकडून मागून, छापून नेला होता, तो कशासाठी हे आता समजले. "हाही त्यात घाला. मागे, पुठ्ठ्याच्या आत. कुणाला दिसायला नको. पण तिथे असू दे."

त्याने दोन्ही फोटो पाठीला पाठ लावून ठेवले, वरून पुठ्ठा बसवला आणि एकेक खिळा ठोकू लागला. हातोडीचे ठोके चालू असताना बाई कोपऱ्याकडे वळल्या.

"मी तुला माफ केलं असं सांगायला आले नाही," त्या चिमणीला म्हणाल्या. "ते होईल की नाही, मला माहीत नाही."

"हो, काकू."

"तो अंगठा थांबव."

"थांबत नाही."

बाई दोन पावले पुढे झाल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. मायेने नव्हे, शिवताना घसरणारे कापड धरतात तसा, घट्ट. अंगठा त्यांच्या मुठीत थोडा वेळ धडपडला.

"जेवलीस का?" बाईंनी विचारले.

पाच महिने हा प्रश्न चिमणीला रोज येत होता आणि त्याला उत्तर म्हणून फक्त एक खूण जात होती. आता खूण पाठवायला हातात काही नव्हते. तिने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"नाही."

"मोठ्याने बोल."

"नाही जेवले."

"मग चल वर, तुमच्याकडेच. मीही नाही जेवले."

त्याच वेळी रस्त्यावरून एक मालमोटार गेली आणि मागच्या घोडीतील काचा गुणगुणू लागल्या. तिघेही जागच्या जागी थिजले. तिघांचीही नजर एकाच वेळी, बंद मोबाइल ठेवलेल्या त्या खणाकडे गेली. मोटार दूर गेली, तरी काचा नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ गुणगुणत राहिल्या, किंवा फ्रेमवाल्याला तसे वाटले.

"मोटार होती," तो म्हणाला.

मग जिन्यावर पावले वाजली, दोघींची, एकीच्या हातात दुसरीचा हात. फ्रेमवाल्याने चौकट उलटी केली, काच पुसली आणि तीत एखादा कण राहिला आहे का, हे पाहण्यासाठी ती उजेडाकडे धरली. झिपरी विस्कटलेल्या केसांनी त्याच्याकडे पाहून हसत होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सहा मिनिटे झाली होती.